कुमारांच्या कादंबरीत घरचं गुपित कुठे दडवायचं

आधी गुपित एका वाक्यात लिहा: ‘बाबांना पहिल्या लग्नाचा एक मुलगा आहे.’ वाक्य लांबलं तर समजा गुपितं दोन झाली, एक काढा. मग घरातल्या प्रत्येकासाठी वहीत एक ओळ: कोणाला माहीत, कधीपासून, गप्प का. आजी लाजेने गप्प, आई भीतीने. कारण सगळ्यांचं एकच ठेवलंत की संवादही एकाच तोंडचे वाटतात.

गुपित फोडायला जुनी डायरी किंवा दाराआडून ऐकलेलं बोलणं नको, फार वापरून झालंय. बाबांच्या मृत्यूनंतरचे कागद बघा. शेतजमीन असेल तर वारसाची खबर तलाठ्याला 3 महिन्यांत द्यायची असते, सोबत सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. पहिल्या बायकोचा मुलगाही कायद्याने वारसच. अर्ज 16 वर्षांची नायिका भरतेय, कारण घरात तिचंच अक्षर बरं. ती विचारते, “काका, नावं किती?” काका आईकडे बघतात. एवढंच लिहा, पुढचं स्पष्टीकरण खोडा.

हा प्रसंग शेवटाला ठेवलात तर कादंबरी रहस्यकथा होते. एकूण 40,000 शब्द असतील तर तो 25,000च्या आसपास यावा. ज्याच्यावर चिडायचं तो माणूसच उरलेला नाही, ही खरी गोष्ट उरलेल्या 15,000 शब्दांत.

त्याआधी तीन खुणा पेरा. प्रत्येकीला त्या क्षणी दुसरा, साधा अर्थ हवा. उदाहरणार्थ, बाबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही. सगळे आपापली वचनं देऊन थकतात. आजी पुढे होऊन पुटपुटते, “त्याचं मी बघते रे.” कावळा शिवतो. वाचकाला ती नुसती श्रद्धा वाटते. ‘त्याचं’ म्हणजे कोणाचं, हे शंभर पानांनी कळतं.

रडणं पूर्ण पुस्तकात दोनदाच, त्यातलं एक चुकीच्या वेळी. बाकी दुःख कामातून येऊ द्या. बाबांचा मोबाइल रोज चार्ज करावा लागतो, कारण गॅसचं बुकिंग आणि बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर. पहाटे पाचचा गजर वाजतो. पॅटर्न कोणालाच माहीत नाही.

भाऊ भेटला की मिठी नको. त्याला जेवायला बसवा. तो आमटी-भात कालवण्याआधी मीठ चाखून बघतो, अगदी बाबांसारखं, आणि नायिका पाणी आणायला उठते.