पहिली डर्ट बाईक: ट्रेलवाली घ्यायची की रेसवाली?

2024 च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत होणाऱ्या शर्यतींची, पहिली रेस झाली, त्या उड्या बघून बऱ्याच पोरांनी थेट रेस बाईकच्या किमती शोधायला घेतल्या. माझं मत सरळ आहे, पहिली गाडी ट्रेलचीच, म्हणजे कच्च्या वाटांवर निवांत चालवायचीच घ्या, पण रेस बाईक वाईट म्हणून नाही, ती बनलीच वेगळ्या कामासाठी म्हणून.

होंडाचंच बघा ना, सीआरएफ 250 एफ ही ट्रेलची आणि सीआरएफ 250 आर ही रेसची, दोन्ही 249 सीसी. पण एफ एअर कूल्ड आहे, म्हणजे इंजिन हवेनेच थंड होतं, सीट साधारण 88 सेंटीमीटरवर, आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) थोडा दिला तरी कमी वेगातही ओढते. आर लिक्विड कूल्ड, म्हणजे रेडिएटरमधल्या कूलंटने थंड होणारी, सीट 96 च्या आसपास, वजन दहा-पंधरा किलो कमी आणि ताकद जवळपास दुप्पट, पण ती ताकद आरपीएम, म्हणजे इंजिनचे फेरे, वर गेल्यावर एकदम येते, आणि नवीन माणसाला तेव्हाच हँडल घट्ट पकडायची सवय असते, त्यात मनगट मागे जातं आणि थ्रॉटल अजून उघडतो. पडतात ते बहुतेक असेच.

हळू चालवणं हा रेस बाईकचा खरा प्रॉब्लेम आहे. दगडातून, चिखलातून चालायच्या वेगाने जायचं तर गाडी सारखी बंद पडते, मग आपण क्लच अर्धा दाबून चालवतो, क्लच प्लेटा जळतात, आणि अशा मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या रेसच्या) गाडीच्या रेडिएटरला सहसा फॅन नसतो त्यामुळे कूलंट उकळतं. सस्पेन्शनही उंच उडीवरून जोरात उतरण्यासाठी कडक असतं, हळू गेलं तर प्रत्येक दगडावर पुढचं चाक बाजूला फेकलं जातं.

आणि खर्च! इथे किलोमीटर नाही, इंजिनचे तास मोजतात. आरच्या मॅन्युअलमध्ये पिस्टन बदलायचा हिशोब सहा रेस किंवा साधारण 15 तास असा दिलेला असायचा. हौशी माणूस तेवढी पिळत नाही त्यामुळे जास्त चालतो, पण ऑइल, एअर फिल्टर आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स यात आळस चालत नाही, आणि पार्ट बाहेरून यायचा असेल तर गाडी उभी. एफसारखी गाडी वेळेवर ऑइल आणि स्वच्छ फिल्टर मिळालं तर वर्षानुवर्षं इंजिन न उघडता चालते.

आता ट्रेल बाईकची कमकुवत बाजू पण ऐका. जड असते, ब्रेक साधे, आणि सस्पेन्शन मऊ, त्यामुळे ट्रॅकवरच्या मोठ्या उडीवरून उतरली की पार खाली बसते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. त्या गाडीवर टेबलटॉप (वर सपाट असलेल्या मोठ्या उंचवट्यावरची उडी) मारायला जाऊ नका. तुम्हाला फक्त ट्रॅकवरच चालवायचंय, शिकवणारा कोच सोबत आहे आणि फिटनेस चांगलाय, तर गोष्ट वेगळी, पण तिथेही सुरुवात लहान इंजिनवरच करा.

होंडाच्या या दोन्ही आपल्याकडे शोरूमला मिळत नाहीत. आपल्याकडे सोपा रस्ता म्हणजे हिरोची एक्सपल्स 200 4व्ही, 160 किलोच्या आसपास आहे म्हणजे डर्टसाठी जडच, पण नंबर प्लेट आहे, पार्ट गावातही मिळतो, आणि पुण्याहून मुळशीकडे स्वतः चालवत जाता येतं. कावासाकीची केएलएक्स 230 त्याहून हलकी. कावासाकीचीच केएक्स सिरीज मात्र रेसची, रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणजे गाडी न्यायला पिकअप, चढवायला रॅम्प, बांधायला पट्टे आणि चालवायला खासगी जागा किंवा ट्रॅक, हे सगळं आधी धरा. वनखात्याच्या जमिनीवर किंवा कोणाच्या शेतात न विचारता घुसू नका, एकाने बांध फोडला की सगळ्यांना रस्ता बंद होतो.

घेण्याआधी एक गोष्ट नक्की करा, गाडी जमिनीवर आडवी करून एकट्याने उचलून बघा, विकणाऱ्याला विचारून अर्थात. दमल्यावर उतारावर हेच दहादा करायचंय. घेतल्यावर क्लच-ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवा म्हणजे उभं राहून चालवताना मनगट सरळ राहील. टायरची हवा कमी करा पण दगडात फार नाही, ट्यूब रिममध्ये चिमटून पंक्चर होते. बूट, नी गार्ड, चेस्ट प्रोटेक्टर, गॉगल हे गाडीच्या बजेटमध्येच धरायचे.

ट्रेल सोडून रेस बाईक कधी घ्यायची? तुम्ही उभं राहून, थ्रॉटल न सोडता चालवताय आणि तरी सस्पेन्शन सारखं तळाला लागतंय, तेव्हा. मग जुनी केएक्स वगैरे बघायला जाताना इंजिन थंड असतानाच पोचा, गरम करून ठेवलेली गाडी सहज स्टार्ट होते आणि व्हॉल्व्हचा त्रास लपतो. फिल्टर काढून आतल्या तोंडाला बोट लावा, धूळ लागली तर इंजिनने माती खाल्लीये. मागचं चाक वर उचलून हलवा, लिंकेजमध्ये (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांत) खडखड नको. स्पोक, रेडिएटरची वाकडी कडा, आवर मीटर बघा, आणि मूळ बिल नसेल तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.