मेनिंजियल पेशींचं प्रायमरी कल्चर: विमेंटिनवर विसंबू नका

उंदराच्या मेंदूच्या आवरणातल्या (मेनिंजियल) पेशी थेट ऊतीतून काढून कल्चरमध्ये लावल्या, म्हणजे प्रायमरी कल्चर केलं, की पहिल्या आठवड्यात सगळं सोपं वाटतं. पेशी पटकन चिकटतात, लांबट होतात, बघता बघता प्लेट भरते. न्यूरॉन जगवताना रडकुंडीला आलेल्याला तर हायसं वाटतं. पण भराभर वाढणारी प्रत्येक लांबट पेशी मेनिंजियल फायब्रोब्लास्ट, म्हणजे आपल्याला हवी असलेली आवरणाची संयोजी पेशी, नसते.

माझे कित्येक महिने खाल्ले ते विमेंटिनने, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या एका प्रथिनाने. अनेक प्रोटोकॉलमध्ये ओळख पटवायला विमेंटिनचं स्टेनिंग असतं. ते केलं की अख्खी प्लेट उजळते आणि कल्चर शुद्ध आहे असं आपण मानून चालतो. पण विमेंटिन कल्चरमधल्या अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये (मेंदूतल्या आधारपेशीत) असतं, रक्तवाहिनीच्या अस्तराच्या एंडोथेलियल पेशीत असतं, केशवाहिनीला बिलगलेल्या पेरिसाइटमध्येही असतं. त्यामुळे प्लेट उजळली, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. पीडीजीएफआर-बीटा या पेशीवरच्या रिसेप्टरचंही तेच, पेरिसाइट आणि फायब्रोब्लास्ट दोघांत सापडतं. फायब्रोनेक्टिन हे प्रथिन त्यापेक्षा बरं, पण ते पेशीबाहेर जाळीसारखं पसरतं. त्या जाळीवर बसलेली शेजारची अ‍ॅस्ट्रोसाइटही पॉझिटिव्ह भासते. म्हणून जीएफएपी (अ‍ॅस्ट्रोसाइटची खूण), सीडी३१ (एंडोथेलियल पेशीची) आणि आयबीए१ (मायक्रोग्लिया व मॅक्रोफेजची) यांचं स्टेनिंग लावून कोण नाही ते आधी तपासा, मग फायब्रोब्लास्टवरच्या पीडीजीएफआर-अल्फा रिसेप्टरसोबत फायब्रोनेक्टिन पाहा. केंद्रकं मोजून टक्केवारी काढा, नजरेने नको. अ‍ॅस्ट्रोसाइटसोबत को-कल्चर करणार, म्हणजे दोन्ही पेशी एकत्र वाढवणार असाल तर हे टाळूच नका. तुमच्या 'मेनिंजियल' प्लेटमध्येच अ‍ॅस्ट्रोसाइट असतील तर मिळालेला परिणाम कोणाचा, हे कोणीच सांगू शकणार नाही.

भेसळ मुळात येते ती आवरण सोलताना. नवजात पिल्लाचा मेंदू थंड बफरमध्ये, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ठेवा. घ्राणकंदाच्या (मेंदूच्या पुढच्या, वासाशी संबंधित भागाच्या) बाजूने बारीक चिमट्याने पकडलं की लाल धाग्यांसारख्या रक्तवाहिन्यांसकट पातळ पापुद्रा निघतो. त्याच्या मागे पांढुरका कण लागला असेल तर तो कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा आहे, तिथेच काढून टाका. गुलाबी, झालरीसारखं काही आलं तर तो कोरॉइड प्लेक्सस (मेंदूतलं द्रव तयार करणारी ऊती), तोही बाजूला. सुरुवातीला हात थरथरतो, पापुद्रा फाटतो. घाबरू नका, सरावाने हात बसतो.

हे शिकायचं कोणाकडून? माझं ठाम मत, गाईडकडून नाही. कॉर्टिकल न्यूरॉन करणाऱ्या सहकाऱ्याशेजारी बसा. जे आवरण तो रोज सोलून फेकतो, तेच तुम्हाला हवंय. विकतच्या गोठवलेल्या व्हायल वाईट नसतात, पण त्यांचीही हीच तपासणी करा. आणि पॅसेजवर पॅसेज (पेशी उचलून नव्या प्लेटवर लावणं) करत बसू नका. कडक प्लास्टिकवर फायब्रोब्लास्ट हळूहळू मायोफायब्रोब्लास्टकडे (आकुंचन पावणाऱ्या फायब्रोब्लास्टकडे) झुकतात, त्याची खूण असलेलं अल्फा-एसएमए हे प्रथिन वाढतं. पहिल्याच पॅसेजला गोठवून साठा करा, प्रयोगही लवकरच्या पॅसेजवर उरका.

प्रौढ उंदीर वापरणार असाल तर कवटी उचलताना ड्युरा, म्हणजे आवरणाचा सर्वांत बाहेरचा थर, तिच्या आतल्या बाजूला चिकटून जातो. अ‍ॅरॅक्नॉइड हा मधला आणि पाया (pia) हा आतला थर मेंदूवरच राहतात. २०१५ मध्ये ज्या मेनिंजियल लसिकावाहिन्यांची एवढी चर्चा झाली, त्या ड्युरातल्या. तेव्हा पेपरात नुसतं 'मेनिंजेस' लिहिलेलं दिसलं तर आधी मेथड्स उघडा, ऊती कवटीतून खरवडली की मेंदूवरून सोलली ते पाहा, आणि मगच त्यांच्या निकालाशी आपल्या पेशींची तुलना करा.