ड्रायव्हरमधल्या डिलेचा आकडा वाढवण्याआधी या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा बोर्ड घेऊन माझ्याकडे आला. पुण्यातल्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून आणलेला १६ बाय २ चा एलसीडी, आणि त्यावर वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन. खालची ओळ कोरी. "सर, काल रात्रीपर्यंत चालत होतं. कोडमधली एक ओळसुद्धा बदलली नाही."

खरंच बदलली नव्हती. सबमिशनसाठी त्यानं कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (कोड आपोआप वेगवान करण्याची सोय) तेवढं चालू केलं होतं. एलसीडीच्या ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये) डिलेसाठी, म्हणजे दोन आज्ञांमध्ये मुद्दाम थांबण्यासाठी, लिहिलेल्या रिकाम्या फॉर लूपमध्ये कंपायलरला काहीच काम दिसलं नाही, त्यानं लूपच काढून टाकलं.

अशा वेळी लूपच्या काउंटरला व्होलाटाइल (कंपायलरनं याला हात लावू नये अशी खूण) लावायला सांगतात. लूप शाबूत राहतं, पण दहा हजार फेऱ्यांना किती वेळ लागणार हे प्रोसेसरच्या वेगावर ठरतं. बोर्ड बदलला की तो आकडा गेला. वेळ टायमरनंच मोजा; लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) असाल तर यूडिले हे मायक्रोसेकंदांत थांबवणारं फंक्शन वापरा. (कर्नलही काही प्रोसेसरांवर फेऱ्याच मोजतो, पण बूट होताना त्या फेऱ्या टायमरशी ताडून घेतो. बूटच्या मेसेजमध्ये दिसणारा बोगोमिप्स तो हाच.)

डिले किती हवा हे डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) सगळे बघतात. तो कधीपासून मोजायचा हे फार थोडे बघतात, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त रात्री तिथेच जातात. समजा पीसीआय कार्ड (कॉम्प्युटरच्या स्लॉटमध्ये बसणारं) रीसेट करायचं आहे: रीसेट बिट १ करा, १० मायक्रोसेकंद थांबा, बिट ० करा. कोड वाचला तर निर्दोष. पण प्रोसेसरनं केलेलं राइट कार्डापर्यंत पोचलंच असेल असं नाही, ते वाटेतल्या ब्रिजमध्ये थांबलेलं असू शकतं. यालाच पोस्टेड राइट म्हणतात. तुमचे १० मायक्रोसेकंद ते तिथे असतानाच संपतात, मग दोन्ही राइट पाठोपाठ कार्डावर आदळतात आणि रीसेट धड होत नाही. म्हणून पहिल्या राइटनंतर त्याच कार्डाचं एखादं रजिस्टर (त्यातली छोटी नोंदजागा) वाचा. आधीचं राइट पोचल्याशिवाय ते वाचन पुरं होत नाही. डिले त्यानंतर. मात्र वाचल्यानं ज्याची अवस्था बदलते असं रजिस्टर यासाठी निवडू नका.

उलटी चूक, म्हणजे गरजेपेक्षा फार जास्त थांबण्याची, एमस्लीप या मिलिसेकंदांत झोपवणाऱ्या फंक्शनची. हर्ट्‌झ १०० असलेल्या (म्हणजे सेकंदाला १०० टिक मोजणाऱ्या) कर्नलमध्ये एक टिक १० मिलिसेकंदांची असते. तिथे १ मिलिसेकंद मागितलात तरी झोप २० मिलिसेकंदांपर्यंत लांबू शकते. शंभर बाइट पाठवताना प्रत्येक बाइटमागे असं झोपलात तर दोन सेकंद गेले. दहा मायक्रोसेकंदांपासून वीसेक मिलिसेकंदांपर्यंत यूस्लीप-रेंज हे फंक्शन वापरा. आणि स्पिनलॉक (मिळेपर्यंत प्रोसेसरला फिरत ठेवणारं कुलूप) धरलेला असताना किंवा इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरनं हाक दिल्यावर लगेच चालणाऱ्या कोडमध्ये) यातलं कुठलंच झोपणारं फंक्शन नको. तिथे फक्त यूडिले, तेही अगदी थोड्या वेळासाठी.

हार्डवेअर तयार झाल्याचं सांगणाऱ्या स्टेटस बिटची वाट बघताना टाइमआउट घालाच, पण मुदत संपल्यावर एरर देण्याआधी बिट आणखी एकदा तपासा. मध्येच शेड्युलरनं तुमचं काम बाजूला ठेवलं असेल, तर हार्डवेअर केव्हाच तयार झालेलं असतं आणि दोष मात्र त्याच्यावर येतो. जिफीजची (कर्नलच्या टिक मोजणाऱ्या काउंटरची) तुलना साध्या 'पेक्षा मोठा' चिन्हानं करू नका, त्यासाठीच असलेलं टाइम-आफ्टर वापरा. ३२ बिटांचा हा काउंटर हर्ट्‌झ १००० ला साधारण ४९ दिवसांत पुन्हा शून्यावर येतो. अशा चुका लवकर उघड्या पडाव्यात म्हणून लिनक्स त्याला मुद्दाम शून्याच्या पाच मिनिटं आधीपासून सुरू करतो.

त्या मुलाच्या एलसीडीकडे परत येतो. लूप काढून टायमर लावला तरी दहातून दोनदा काळे चौकोन यायचेच. एलसीडीवरच्या एचडी४४७८० या कंट्रोलर चिपची डेटाशीट उघडून त्याला सुरुवातीची अट मोठ्यानं वाचायला लावली: व्होल्टेज ४.५ व्होल्टपर्यंत चढल्यावर १५ मिलिसेकंदांहून जास्त थांबा, २.७ व्होल्टपासून मोजत असाल तर ४० हून जास्त. तो प्रोग्रॅमचं मेन फंक्शन सुरू झाल्यापासून १५ मोजत होता, आणि त्याच्या सप्लायचा मोठा कपॅसिटर तेव्हा अजून भरतच होता. आम्ही तिथे ५० केले आणि शेजारी कॉमेंटमध्ये डेटाशीटचा पान क्रमांक लिहिला. मग वीस वेळा प्लग काढून घातला. वीसही वेळा अक्षरं नीट आली.