कांडी आणि स्फटिक: ठाण्यातील फ्लॅटमध्ये पेगन साधना करताना

पेगन साधनेत, म्हणजे ख्रिस्तपूर्व युरोपातील निसर्गपूजेपासून प्रेरणा घेतलेल्या साधनेत, आणि विशेषतः तिच्यातील विक्का या आधुनिक परंपरेत, कांडी हे मनातील संकल्पाला दिशा देण्याचे साधन मानले जाते आणि स्फटिक हे तो संकल्प टिकवून धरण्याचे. ही साधने हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे हे विधी आज ज्या स्वरूपात केले जातात ते स्वरूप फार जुने नाही. इंग्लंडमधील जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा १९५१ साली रद्द झाल्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ मध्ये आपले पुस्तक प्रसिद्ध करून विक्का लोकांसमोर आणली. त्यातील वर्तुळ, चार दिशा आणि कांडी यांची बरीचशी मांडणी १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाच्या विधींशी नाते सांगते. कांडी अग्नितत्त्वाची की वायुतत्त्वाची, यावर आजही दोन तट आहेत. त्यामुळे अमुकच लाकूड हवे, अमुकच खडा हवा, असे दडपण नवख्या साधकाने घेऊ नये. माझ्या मते साधन विकत घेण्यापेक्षा ते हाताने घडवणे आणि रोज त्याच पद्धतीने वापरणे यालाच खरे महत्त्व आहे, कारण कांडी स्वतः काही करत नाही. ती आपले लक्ष बांधून ठेवते.

युरोपातील परंपरेत ओक, हेझल, विलो, रोवन अशी लाकडे सांगितली जातात. ती ठाण्यात मिळत नाहीत, आणि ती मागवण्याचा खटाटोप करण्याचे कारणही नाही, कारण तेथील लोकांनी ही झाडे आपल्या कुंपणाशी आणि ओढ्याकाठी उभी होती म्हणूनच निवडली. आपल्याकडे पेरूची फांदी सर्वांत सोयीची पडते. तिचे लाकूड चिवट व घट्ट असते, साल पातळ असते आणि हातात ती गुळगुळीत बसते. कडुलिंब, जांभूळ किंवा बकुळीची फांदीही चालते. येऊरच्या जंगलातून मात्र काहीही उचलून आणू नये, कारण तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो आणि तेथे पडलेली काटकीसुद्धा जंगलाचीच असते. शहरातील झाडे तोडण्यावरही १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याचे बंधन आहे. सोसायटीच्या आवारात पावसाळ्यापूर्वीची छाटणी होते त्या दिवशी माळीकाकांना विचारून एक फांदी मागून घेणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

लांबी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत घ्यावी, म्हणजे साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर. जाडी अंगठ्याएवढी असली तरी सोलून घासल्यावर ती करंगळीइतकी होते. यानंतरची पायरी बहुतेकजण घाईने उरकतात आणि तेथेच फसतात. माझी पहिली कांडी मी जूनमध्ये ओल्या फांदीची केली, आठवड्याभरात तिला वॉर्निश फासले, आणि जुलै संपेपर्यंत आतून बुरशी येऊन ती उभी तडकली. ठाण्याच्या पावसाळी हवेत ओले लाकूड वाळत नाही, ते नुसते कुजते. म्हणून फांदीची साल काढावी, दोन्ही टोकांना मेण लावावे, म्हणजे ओलावा टोकांकडून एकदम निघून जाऊन चिरा पडणार नाहीत, आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या वर सावलीत ठेवावी. पावसाळ्यात आणलेली फांदी दिवाळीनंतरच घासायला घ्यावी. घासताना आधी १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर वापरावा. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेल पुसलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती हवेशी संयोग पावताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती बाल्कनीत एकेक पसरून वाळवावीत.

टोकाला स्फटिक बसवायचा असल्यास लाकडात उथळ खाच कोरावी, खड्याचा तळ एम-सीलने बसवावा आणि वरून तांब्याच्या बारीक तारेचे पाच-सहा वेढे घ्यावेत. तार शोभेसाठी आहे, खडा धरून ठेवते ते एम-सील.

आता खड्यांकडे वळू. मराठीत स्फटिक आणि गारगोटी हे दोन्ही शब्द मुळात क्वार्ट्झचेच, आणि आपण राहतो तो दख्खनचा काळा पाषाण तर खनिजांचे भांडारच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांनी जी पोकळ जागा सोडली, तिच्यात पुढे ॲपोफिलाइट, स्टिलबाइट, स्कोलेसाइट यांचे स्फटिक वाढले. पुणे, नाशिक आणि जळगाव भागांतील खाणींतून निघालेले हे नमुने जगभरच्या संग्रहांत पोचले आहेत. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय एकदा पाहून यावे, म्हणजे दुकानातील रंगीत काचेला भुलण्याची सवय कायमची सुटते. ध्यानासाठी परदेशी, महागड्या खड्यापेक्षा महाराष्ट्रातील ॲपोफिलाइट घेणे मला अधिक सयुक्तिक वाटते, कारण धरणीशी नाते जोडणे हे पेगन साधनेचे मर्म आहे आणि ही धरणी आपल्या पायाखालची आहे.

खरेदी करताना काही खुणा लक्षात ठेवाव्यात. खनिजांचा कठीणपणा १ ते १० असा मोजणाऱ्या मोह्झ मापावर क्वार्ट्झ ७ वर असतो, म्हणून तो साध्या काचेवर ओरखडा काढतो. काचेचा नकली खडा तसा सहज काढत नाही. भिंगाखाली गोल बुडबुडे दिसले तर ती काच समजावी. ‘ओपलाइट’ या नावाने विकला जाणारा दुधी निळा खडा बहुधा काचच असतो. बाजारातील बहुतेक पिवळा सिट्रीन हा जांभळा ॲमेथिस्ट तापवून केलेला असतो. तो वापरण्यात काही गैर नाही, मात्र दुर्मीळ म्हणून जादा पैसे मोजू नयेत.

शुद्धीकरणाच्या नावाखाली खड्यांचे जितके नुकसान होते तितके वापराने होत नाही. सेलेनाइट म्हणजे जिप्सम. त्याचा कठीणपणा २, म्हणजे नखानेही त्यावर रेघ उमटते, आणि पाण्यात तो हळूहळू झिजतो. पायराइट ओलाव्याने गंजतो, आणि आपल्या पावसाळ्यात त्याला पाण्यात बुडवण्याचीही गरज पडत नाही. तो सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत ठेवावा. ॲमेथिस्ट आणि रोझ क्वार्ट्झ उन्हात ठेवल्यास त्यांचा रंग उडतो. धुपाचा धूर, चांदण्यातली एक रात्र किंवा कोरडे सुती फडके हे उपाय सर्व खड्यांना चालतात. खडा घातलेले पाणी पिण्याची पद्धत मात्र कटाक्षाने टाळावी: मॅलाकाइटमध्ये तांबे असते, गॅलेनामध्ये शिसे.

प्रत्यक्ष साधनेसाठी पाट मांडण्याइतकी मोकळी जागा पुरते. पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे, कांडी उजव्या हातात कमरेच्या उंचीवर धरावी आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेने, सावकाश एक फेरी पूर्ण करावी. कांडीच्या टोकातून जमिनीवर प्रकाशाची रेघ उमटते आहे अशी कल्पना करावी. मग चार दिशांना वंदन करावे. ब्रिटनमधील रूढ मांडणीत पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल आणि उत्तरेला पृथ्वी असते. वाशी किंवा नेरूळला राहणाऱ्यांसाठी पश्चिमेला खरोखरच खाडी आहे, त्यामुळे त्यांचे जुळून येते. ठाण्यात मात्र पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि पूर्वेला खाडी, म्हणून मी पूर्वेला जल आणि पश्चिमेला पृथ्वी मानते. शिवाय मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे भरदुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा अग्नीला दक्षिणेतच शोधणे हे पुस्तकी ठरते. पुस्तकाप्रमाणे करणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पण आधी खिडकीतून बाहेर पाहावे.

वर्तुळ झाल्यावर कांडी समोर ठेवून खाली बसावे आणि खडा डाव्या तळहातात घ्यावा. पहिली पाच मिनिटे फक्त त्याचा थंडपणा, वजन आणि कडा यांकडे लक्ष द्यावे. दगड अंगाच्या उष्णतेने हळूहळू गरम होत जातो, आणि मन भटकले की त्या बदलाकडे परत यावे. पुढची दहा मिनिटे एकच वाक्य मनात धरावे, तेही मराठीत, आपल्या नेहमीच्या बोलण्यातले. खड्यातून मुंग्या आल्यासारखे वाटले तर त्याचा फार गाजावाजा करू नये. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ मध्ये मांडलेल्या प्रयोगात नकली खडे हातात धरणाऱ्यांनाही खऱ्या खड्यांसारख्याच संवेदना जाणवल्या होत्या. क्वार्ट्झच्या घड्याळाचा दाखला देऊन ‘स्फटिकात ऊर्जा असते’ असे सांगणाऱ्यांनी घड्याळात बॅटरीही असते हे विसरू नये.

याच कारणाने दुसऱ्याच्या आजारावर खडे ठेवून पैसे घेणे किंवा कोणाला औषध बंद करायला सांगणे या गोष्टी साधकाने करू नयेत. तथाकथित चमत्कारांच्या नावाखाली पैसे कमावण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे, आणि तो नसता तरी माझे मत बदलले नसते.

उठताना कांडी पुन्हा उजव्या हातात घ्यावी आणि या वेळी उलट दिशेने फेरी घेऊन वर्तुळ मिटवावे. चार दिशांचा निरोप घ्यावा, दोन घोट पाणी प्यावे आणि वहीत तारीख, तिथी व वापरलेला खडा यांची एक ओळ लिहावी. कांडी कोरड्या सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवावी. भिंतीला टेकवून उभी ठेवल्यास ती पावसाळ्यात वाकते.