पडवीतल्या सागवानी झोपाळ्याला पुन्हा तेल लावताना

पावसाच्या झडीने झोपाळ्याची फळी राखाडी पडली की लोक थेट व्हार्निशचा डबा आणतात. घाई करू नका. दिवाळीनंतर लाकूड पुरतं वाळलं की काम काढा.

आधी साबणपाणी आणि नायलॉनच्या ब्रशने शेवाळ घासून काढा. तारेचा ब्रश नको, त्याचे बारीक तुकडे फळीत अडकतात आणि पुढच्या पावसात तिथे काळे डाग उठतात. दोन-तीन दिवस सुकवून ८० नंबरचा पॉलिश पेपर मारा, मग १२०. घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवं घासलं तर तेल लावल्यावर ते ओरखड्यांसारखं उठून दिसतं. आतला मधाळ रंग दिसू लागला की थांबा. कड्यांजवळ आणि सांध्यांत मात्र हातानेच घासावं लागतं, तिथे कंटाळा केला तर पाणी तिथूनच शिरतं.

भुकटी पुसून फळीवर पाण्याचे थेंब टाका. थेंब लगेच मुरले तर लाकूड तेल घ्यायला तयार आहे.

उकळलेलं जवसाचं तेल, म्हणजे पेंटरांचं बेलतेल, त्यात थोडं टर्पेंटाइन मिसळून कापडाने पातळ हात द्या. पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेलं तेल पुसून घ्या, नाहीतर फळी चिकट राहते आणि बसणाऱ्याचं धोतर खराब! दुसरा हात पहिला पुरता वाळल्यावरच.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवा किंवा अंगणात सुटी पसरून वाळवा.