डिजिटल वजनकाटा निवडताना

डिजिटल वजनकाटा घेण्यापूर्वी त्यावर नेमके काय तोलायचे आहे हे ठरवावे, कारण मोठी क्षमता आणि बारीक फरक टिपण्याची ताकद या दोन्ही गोष्टी एकाच काट्यात क्वचितच मिळतात. 5 किलोपर्यंतचा, 1 ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा पीठ-साखरेसाठी पुरेसा असतो. मात्र 2 ग्रॅम यीस्ट मोजताना अर्ध्या ग्रॅमची चूकसुद्धा पाव हिस्सा ठरते, म्हणून अशा कामासाठी 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा वेगळा घेणेच इष्ट.

पडद्यावर दशांश चिन्हापुढे जास्त आकडे दिसले म्हणजे वजन अचूक आले, असे मुळीच नाही. काट्यातील लोडसेल, म्हणजे वजन टिपणारा भाग, वजनाखाली किंचित वाकतो आणि त्या बाकामुळे विद्युत रोधात होणारा बदल आकड्यात दाखवला जातो. त्यामुळे खरी परीक्षा वापरूनच होते. काटा सपाट, टणक जागी ठेवून एकच वस्तू मधोमध आणि मग चारही कोपऱ्यांवर तोलावी. आकडे ठळकपणे बदलत असतील तर तो काटा नाकारावा. प्रमाणित वजन हाताशी असल्यास उत्तमच.

बरेच काटे शून्याजवळचा अगदी हळू बदल आपोआप पुसून टाकतात, त्यामुळे चिमूटचिमूट टाकलेले मीठ मोजलेच जात नाही. तेही तपासावे. टेअरची, म्हणजे भांड्याचे वजन वगळण्याची सोय हवीच. शिवाय काटा आपोआप किती वेळात बंद होतो हेही विचारावे, नाहीतर मिश्रण ओतताना मध्येच पडदा कोरा होतो.