तलावात विषारी शेवाळ आलंय का ते कसं बघायचं, नमुना कुठून घ्यायचा आणि पाण्यात काय ओतायचं नाही

पोहायला, बोटिंगला लोक येतात असा तलाव तुमच्या ताब्यात असेल, किंवा सोसायटीने, क्लबने ‘तूच बघ जरा पाण्याचं’ म्हणून तुमच्या गळ्यात मारला असेल, तर हे वाचा. मी हे बरेच सीझन केलंय. नेटवर यावर जे सल्ले फिरतात त्यातले अर्धे डोक्यात जातात, कारण सगळे ‘पाण्याचा नमुना घ्या आणि लॅबला पाठवा’ या एका ओळीत उरकतात आणि खरी गोची त्याच ओळीत आहे.

आधी ओळख. ज्याला आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते खरं तर शेवाळच नाही, बॅक्टेरिया आहे, सायनोबॅक्टेरिया. पाणी कोमट, वारा पडलेला आणि पाण्यात फॉस्फरस भरपूर असला की ते फोफावतं. प्रत्येक वेळी विषारी असतंच असं नाही, पण डोळ्यांनी बघून विष आहे की नाही हे कुणालाही सांगता येत नाही, त्यामुळे ‘आमच्याकडचं साधंच आहे हो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

काठावरची तपासणी सोपी आहे. लांब काठी घाला आणि वर काढा. केसांसारखे लांब धागे लोंबत आले तर बहुतेक साधं हिरवं शेवाळ, काठीला ऑइलपेंट लागल्यासारखा थर बसला तर सावध व्हा. काठाला जमलेली साय वाळताना कडेने निळसर-पांढरी पडत असेल तर जवळपास खात्रीच धरा, पेशी फुटल्या की आतलं निळं रंगद्रव्य बाहेर येतं त्याचा तो रंग. दुसरी टेस्ट बाटलीची: पारदर्शक बरणी पाऊण भरा, रात्रभर फ्रीजमध्ये न हलवता ठेवा, सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर सायनो, खाली बसला असेल तर बहुधा दुसरं काही. बहुधा म्हणतोय, कारण सायनोच्या काही जाती तरंगतच नाहीत, पाण्यात सगळीकडे पसरून राहतात किंवा तळाच्या दगडांवर काळपट चटई करतात, म्हणजे थर खाली बसला तर हुश्श करायचं नाही. आणि हे सगळं हातमोजे घालून.

पारदर्शकता मोजायला सेकी डिस्क, 20 सेंमीची काळी-पांढरी थाळी, बोटीच्या सावलीच्या बाजूने सोडा, दिसेनाशी झाली की खोली लिहा, वर ओढताना दिसली की परत लिहा, सरासरी काढा. दर आठवड्याला. झालं.

आता नमुना.

पहिल्या वर्षी मी काय केलं सांगतो. मस्त बोट काढली, तलावाच्या बरोब्बर मध्यावर गेलो, दुपारी बाराला, कारण तेव्हाच सगळ्यांना वेळ होता, अर्धा मीटर खालून बाटली भरली, लॅबला दिली. रिपोर्ट छान आला. आम्ही पोहणं चालू ठेवलं. दोन दिवसांनी सकाळी लवकर गेलो तर ज्या कोपऱ्यात लहान मुलं उतरतात तिथे बोटभर जाड हिरवी साय, डबा सांडल्यासारखी, आणि वास असा की नाकाला रुमाल. लॅबचं काहीच चुकलं नव्हतं, बाटलीत जे होतं तेच त्यांनी लिहिलं. बाटली मी चुकीच्या ठिकाणी चुकीच्या वेळी भरली होती.

हे का होतं ते कळलं की परत चूक होत नाही. मायक्रोसिस्टिससारख्या जातींच्या पेशीत हवेचे बारीक कप्पे असतात, त्यामुळे त्या तरंगतात. दिवसभर उन्हात त्या पिष्टमय साठा करतात, तोच वजनासारखा काम करतो आणि त्या खाली जातात, रात्रभरात तो साठा वापरला जातो आणि पहाटेपर्यंत सगळी वसाहत वर. म्हणजे शांत रात्रीनंतरच्या सकाळी पृष्ठभागावर साय. मग हलका वारा सुटला की ती अख्खी साय ढकलत वारा जिकडे जातोय त्या काठाला नेऊन लावतो, आणि तिथे पेशींची दाटी मधल्या पाण्याच्या शेकडो, कधी हजार पट होऊ शकते. जोराचा वारा आला तर सगळं परत पाण्यात मिसळतं आणि तलाव ‘स्वच्छ’ दिसतो. तलाव तोच, दिवस तोच, आणि उत्तरं तीन.

म्हणून माझा नियम ठरलेला आहे आणि त्यावर मी वाद घालत नाही: नमुना सकाळी, वारा सुटायच्या आधी किंवा नुकता सुटल्यावर, आणि जिथे माणसं पाण्यात उतरतात तिथूनच. मधल्या पाण्याचा नमुना हवा तर जास्तीचा घ्या, तलावाचा एकूण कल कळायला तो कामाचा आहे, पण उघडं ठेवायचं की बंद हा निर्णय त्यावर घ्यायचा नाही. काल संध्याकाळपासून वारा कुठल्या दिशेला होता ते बघा आणि त्या काठाला आधी जा. दोन बाटल्या वेगवेगळ्या: एक सायीची, वरवरची, ती सगळ्यात वाईट परिस्थिती दाखवते, आणि एक गुडघाभर पाण्यातली, बाटलीचं तोंड खाली करून बुडवायची आणि आत उलटी करून भरायची. दोन्ही एकत्र ओतून ‘सरासरी’ काढू नका, कुणीतरी हे लिहून ठेवलंय आणि सगळे कॉपी करतायत. पोरगं सरासरी पाणी गिळत नाही, ते जिथे खेळतं तिथलं गिळतं! आणि पाण्यात धपधप चालत जाऊन तळ ढवळून मग त्याच ठिकाणी बाटली बुडवू नका, हात लांब करा किंवा दांड्याला बाटली बांधा.

बाटल्यांचंही एक आहे. मायक्रोस्कोपखाली मोजायच्या नमुन्यात लुगोल आयोडीनचे थेंब टाकायचे, पाणी फिकट तपकिरी होईपर्यंत. विष तपासायच्या बाटलीत लुगोल अजिबात नाही, ती गडद काचेची घ्या कारण मायक्रोसिस्टिन (मायक्रोसिस्टिससारख्या सायनोंचं विष) काही प्लास्टिकना चिकटून बसतं आणि आकडा कमी येतो, लगेच बर्फात, अंधारात, आणि 24 तासांत लॅबला. लॅबला एकच प्रश्न विचारा: पेशी फोडून मोजता का? पेशी जिवंत असेपर्यंत बरंचसं विष त्यांच्या आत असतं, म्हणून नमुना साधारण तीनदा गोठवून वितळवतात आणि मग मोजतात. ते न करता नुसतं पाणी तपासलं, किंवा घाईत विष तपासायची स्ट्रिप बुडवली, तर समोर हिरवं रबरबीत पाणी आणि स्ट्रिप म्हणते काही नाही. हेही माझ्याकडून झालंय.

लेबलवर वेळ, जागा, वारा, साय होती की नव्हती हे लिहा, नाहीतर महिनाभराने तो आकडा कशाचा हे तुम्हालाच कळणार नाही.

आकडे आले की: जागतिक आरोग्य संघटनेची पोहण्याच्या पाण्यासाठीची 2020 ची मर्यादा मायक्रोसिस्टिनला लिटरमागे 24 मायक्रोग्राम आहे, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2019 मध्ये 8 सुचवली. तुमच्याकडे कुठली लागू ते बघा, मी कडक ती धरतो. पण साय डोळ्यांना दिसत असताना रिपोर्टची वाट बघत बसणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. साय दिसली, बंद. साय नाही पण हिरव्या पाण्यात गुडघाभर उभं राहून स्वतःची पावलं दिसत नाहीत, तरी बंद.

फलक गेटवर लावून काम झालं समजू नका, तो उतरायच्या जागेवर हवा. पोहायचं नाही, कुत्र्यांना सोडायचं नाही, हे पाणी उकळूनही प्यायचं नाही (उकळून विष जात नाही), एवढं मोठ्या अक्षरात. कुत्र्यांचं मुद्दाम लिहितो: ते पाणी पितात, वर बाहेर येऊन अंग चाटतात, आणि मज्जासंस्थेवर जाणारं ॲनाटॉक्सिन असेल तर तासाभरातही खेळ खलास होऊ शकतो. माणसाला पुरळ, डोळे चुरचुरणं, उलट्या, जुलाब असं काही झालं तर स्वच्छ पाण्याने आंघोळ आणि डॉक्टरकडे, आणि तलावात उतरलो होतो हे आपणहून सांगायचं.

आता सगळ्यांचा लाडका प्रश्न, काय टाकू? मोरचूद टाकू का? नाही. दाट साय असताना मोरचूद टाकलं की पेशी फुटतात आणि आतलं सगळं विष एका दमात पाण्यात येतं. ऑस्ट्रेलियात पाम आयलंडवर 1979 मध्ये पाणीपुरवठ्याच्या धरणात शेवाळ मारायला हेच केलं आणि काही दिवसांत 148 जण आजारी पडले, बहुतेक लहान मुलं. बार्लीचा पेंढा? तो वाढ रोखतो असं म्हणतात, त्याला आठवडे लागतात आणि रिझल्टचा भरवसा नाही, आलेली साय तर तो घालवत नाहीच. हायड्रोजन पेरॉक्साइड खरंच चालतं, नेदरलँड्समध्ये 2009 ला एका अख्ख्या तलावात लिटरमागे 2 मिलिग्राम इतक्या कमी डोसने सायनो बसवलं होतं, पण तो डोस पाण्यात सगळीकडे सारखा पसरवावा लागतो, परवानगी लागते, ते बादलीने करायचं काम नाही. तुम्ही स्वतः करण्यासारखं एकच, तरंगत्या दोराने साय अडवून जाळीने काढणं आणि लांब नेऊन टाकणं, म्हणजे पावसाने परत वाहून येणार नाही इतकं लांब.

मुळात घालवायचा असतो फॉस्फरस. कॅनडात 1973 मध्ये एका तलावाच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, फॉस्फरस एकाच बाजूला, आणि हिरवी झाली ती फक्त तीच बाजू. सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये सोडलं जाणारं सांडपाणी 1960 च्या दशकात वळवलं आणि काही वर्षांत पाणी निवळलं. म्हणजे नाले, सांडपाणी, काठच्या लॉनचं खत हे बघा. लगेच फरक दिसला नाही तर वैतागू नका, तळाच्या गाळात जुना फॉस्फरस असतो, तिथला ऑक्सिजन संपला की तो परत वर येतो.

परत उघडताना साय गेली म्हणून त्याच दिवशी फलक काढायचा नाही, फुटलेल्या पेशींचं विष पाण्यात काही दिवस ते काही आठवडे राहतं. मी आठवड्याच्या अंतराने दोन स्वच्छ नमुने घेतो, त्याच कोपऱ्यातून, सकाळीच. आणि शेवटी सगळा काठ एकदा चालत जातो, पाणी मागे हटलेलं असतं तिथे दगडांवर निळसर-करड्या खपल्या वाळून बसलेल्या असतात, दिसायला निरुपद्रवी, पण त्यात विष महिनोन्‌महिने टिकतं आणि कुत्री त्या चाटतात. त्या ओल्या करून, मास्क लावून खरवडून काढल्या की मग फलक उतरवतो.